कापडावरची बोटं

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर आम्ही निळं कापड घालून ठेवतो. आज सकाळी त्यावरच्या धुळीत कुणाची तरी चार बोटं उमटलेली दिसली. बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार, म्हणून ते कापड कधी निघत नाही. मुलांना त्या यंत्रावर पूर्वी कधीतरी काढलेल्या आलेखाची झेरॉक्स देतो. ती जर्नलमध्ये चिकटवली की मी सही करतो.

"सर, एकदा तरी चालू करू या ना," काही वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी सुनीता म्हणाली होती.

"अगं, परीक्षेत आलेखच विचारतात," मी हसत म्हणालो होतो.

पुढे औषध कंपनीच्या मुलाखतीत तिला अशाच यंत्रापुढे बसवलं आणि चालू करायला सांगितलं. नोकरी हुकली. परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, "सर, आपल्या यंत्राचं बटण मागच्या बाजूला आहे का हो?"

मी "हो" म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं प्रत्येक सहीच्या वेळी तो साधा प्रश्न माझ्या पाठीमागे येऊन उभा राहतो. आजची बोटंही मला तिचीच वाटली.

मी कापड काढलं आणि यंत्राच्या मागे हात घातला. तिथे बटण नव्हतं.