कार्ड दिसतंय, पण चालत नाही

आमची कंपनी विकली गेली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वाळूजच्या कारखान्याच्या गेटवरची पाटी एका सकाळी बदललेली दिसली, तेव्हा कळलं. बस तीच होती, कॅन्टीनमधली पातळ आमटी तीच होती, म्हणून आम्ही फारसं मनावर घेतलं नाही.

कंपनीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे दोनच माणसं. मी आणि भाऊ. सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणायचा. वैजापूरकडचे, माझ्यापेक्षा बरेच मोठे. सर्व्हर, केबल, नेटवर्क माझ्याकडं आणि प्रोग्रॅम त्यांच्याकडं, अशी आमची वाटणी. कारखान्यातल्या प्रत्येक लाइनवर एक स्क्रीन होती. किती माल निघाला, किती रिजेक्ट झाला, कोणतं मशीन अडलंय, ते सगळं त्यावर मराठीत दिसायचं. तो प्रोग्रॅम भाऊंनी एकट्यानं लिहिला होता. एखादा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, अक्षर बारीक पडतंय हो," की दुसऱ्या दिवशी अक्षर मोठं झालेलं असायचं. लोकांसमोर ते मला मॅडम म्हणत, सर्व्हर रूममध्ये ताई.

मे महिन्यात एक खोकं आलं. त्यात चार नवी नेटवर्क कार्डं होती, आमच्या चार सर्व्हरसाठी. नव्या मालकांच्या बंगळूरच्या ऑफिसातून एक तरुण अधिकारी व्हिडिओ कॉलवर हिंदीत समजावून सांगत होता. त्यांनी नवी फायबरची लाइन टाकली होती, ती आमच्या जुन्या कार्डांना जोडता येत नव्हती. नवी कार्डं बसवायची, लाइन जोडायची आणि सगळा डेटा त्यांच्याकडं पाठवायचा.

भाऊंनी विचारलं, "डेटा गेल्यावर मग?"

"त्यानंतरचं आम्ही बघू," तो म्हणाला. अगदी हसून, आदरानं.

कॉल संपल्यावर भाऊंनी खोक्यातलं एक कार्ड हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "ताई, घर खाली करायला आपल्यालाच टेम्पो बघायला लावलाय. आणि टेम्पोत आपल्याला जागा नाय."

मी म्हटलं, "असं काही नसतं भाऊ. डेटा गेला तरी सांभाळायला माणसं लागतातच की." हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, ते तेव्हाही नीट कळत नव्हतं. नवऱ्याची नोकरी वाळूजलाच, पण कंत्राटी. चांगलं काम करून दाखवलं तर मला तरी ठेवतील, असं मनात होतंच.

सुटीच्या दिवशी कारखाना बंद असताना मी पहिला सर्व्हर उघडला, धूळ पुसली, कार्ड बसवलं, केबल जोडली आणि सर्व्हर चालू केला. कार्ड दिसत होतं. सिस्टीमला विचारलं, आत काय काय बसवलंय, तर यादीत कार्डाचं नाव बरोबर येत होतं. पण नेटवर्क विचारलं तर जुनीच नावं. नव्याचा पत्ता नाही. त्याच्यावरचा दिवाही लागेना.

कारण सरळ होतं. सर्व्हर चालवणारं आमचं लिनक्स जुनं होतं आणि कार्ड त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं. कार्ड चालवायला जो छोटा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर, त्या लिनक्सात नव्हताच. तो कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून आणायचा, आपल्या सर्व्हरवर तयार करायचा आणि सिस्टीममध्ये घालायचा. असं काम मी पूर्वी केलेलं होतं. एका दुपारचं काम, असं मी कॉलवर सांगूनही टाकलं.

तिथून सगळं अडतच गेलं.

ड्रायव्हर तयार करायला लिनक्सच्या त्याच आवृत्तीच्या काही फाइली लागतात. त्या आमच्या सर्व्हरवर नव्हत्या. इंटरनेटवरून घ्यायच्या तर सर्व्हरला इंटरनेट नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर उतरवाव्यात, तर आमची आवृत्ती इतकी जुनी की नेहमीच्या जागेवरून ती कधीच काढून टाकलेली. शोधून शोधून एका जुन्या साठ्यात सापडली. पेनड्राइव्हवर घेतली, तर नव्या मालकांच्या नियमानं पेनड्राइव्ह बंद. परवानगी मागितली. परवानगी देणाऱ्यांनी विचारलं, कशासाठी? तुमचंच काम करण्यासाठी, असं लिहिलं. उत्तर यायला बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत रोज सकाळी कॉलवर तोच आवाज यायचा, "मॅम, काही अपडेट?"

परवानगी आली, फाइली चढवल्या, ड्रायव्हर तयार करायला लावला. स्क्रीनभर एररच्या ओळी धावल्या. एक दुरुस्त केली की तिच्या खालून दुसरी निघायची. इंटरनेटवर लोकांनी सुचवलेलं सगळं करून पाहिलं. ज्यांनी हाच प्रश्न विचारला होता, त्यातल्या कित्येकांना कुणी उत्तरच दिलेलं नव्हतं.

सर्व्हर रूममध्ये एसीनं बोटं गारठायची आणि दार उघडून बाहेर आलं की वाळूजचं ऊन अंगावर यायचं. घरी नळाला पाणी येण्याचा दिवस हुकला. शेजारणीनं दोन हंडे भरून ठेवले होते. ते बघूनही मला रडू आलं. नवरा म्हणाला, "एवढं काय झालंय?" त्याला काय सांगणार? एक कार्ड आहे, ते दिसतंय, पण चालत नाही, एवढंच झालं होतं.

भाऊ या कामात पडत नव्हते. शेजारी बसून आपलं काम करायचे. एकदा मात्र खुर्ची वळवून म्हणाले, "सांगून टाका ना ताई, हे होत नाय म्हणून."

"मग ते दुसऱ्या कुणाला पाठवतील. तो करून जाईल."

"करू द्या त्याला. आपल्याच हातानं कशाला?"

मी पुन्हा स्क्रीनकडं वळले. खरं तर मी थकले होते, आणि ते काम झाल्याशिवाय तिथून उठावं असंही वाटत नव्हतं.

मग एका दुपारी प्लांटच्या साहेबांनी बोलावलं. साहेब आमचेच, जुन्या मालकांच्या वेळचे. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, वर वेगळीच चर्चा चाललीय. तुम्ही दोघं हे मुद्दाम लांबवताय, असं म्हणतायत."

"साहेब, मी रोज इथं…"

"मला माहितीय हो. पण मी किती वेळा सांगू त्यांना?"

मी परत येऊन कीबोर्डसमोर बसले. मुद्दाम! मुद्दाम करायचं असतं तर इतका त्रास तरी कशाला करून घेतला असता? हेही कुणाला ओरडून सांगता येत नव्हतं. भाऊंनी विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"सरका ताई. बघू द्या मला."

"भाऊ, तुम्ही राहू द्या."

"सरका म्हणलं ना."

ते माझ्या खुर्चीवर बसले आणि एररच्या ओळी वरून खाली सावकाश वाचू लागले. मी आजवर त्या ओळी दुरुस्त करत होते. भाऊ त्या वाचत होते. आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिलेला माणूस. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यात चूक काहीच नाय. हा ड्रायव्हर लई नवा हाय. आपल्या लिनक्सात नसलेल्या गोष्टी मागतोय. जुना द्या ह्याला, ह्याच कार्डाचा, पहिला निघालेला." मीही जुना शोधला होता, पण साइटवर मिळाला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून पुन्हा शोधलं. साइटच्या एका कोपऱ्यात, बंद झालेल्या मालाच्या यादीखाली, तो निघाला.

या वेळी एकही एरर आली नाही. ड्रायव्हर तयार झाला. मी तो सिस्टीममध्ये घातला आणि कार्डावरचा दिवा हिरवा झाला. बंगळूरच्या सर्व्हरला हाक दिली, तर उत्तरं यायला लागली, एकाखाली एक. माझ्या तोंडून "आलं!" असं निघून गेलं. अंगात आनंदाची एक लहर आली, नेहमी येते तशी, आणि तेवढ्यात मी भाऊंकडं बघितलं.

"झालं," ते म्हणाले. "आता कुणी तुम्हाला मुद्दाम केलं म्हणणार नाय." आणि चहाला निघून गेले. मला चला म्हणाले नाहीत.

उरलेल्या तीन सर्व्हरना मग वेळ लागला नाही. डेटा रात्रंदिवस जात राहिला. मी एकदा बंगळूरला विचारलं, "प्रोग्रॅम कसा पाठवू? त्याच्या फाइली वेगळ्या आहेत." तो तरुण म्हणाला, "नको मॅम, फक्त डेटा. प्रोग्रॅम आमच्याकडं आमचा आहे." भाऊ शेजारीच होते.

डेटा गेल्यावर सर्व्हर बंद करण्याची सूचना आली. मी म्हटलं, "भाऊ, मी करते, तुम्ही बाहेर थांबा." ते थांबले नाहीत. माझ्या मागं उभे राहिले. मी एकेक बंद केला. पंखे थांबत गेले. ती खोली मी कधीच इतकी शांत ऐकली नव्हती. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनीच मला थांबवलं, "राहू द्या. चला, बस सुटल."

पुढच्या महिन्यात भाऊंना साहेबांच्या खोलीत बोलावून सांगितलं, स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे अनुभवाच्या दाखल्यावर चांगलं लिहू. त्यांनी वाद न घालता सही केली. काही ऑपरेटर गेटपर्यंत सोडायला आले. बाकीचे लाइन सोडून येऊ शकले नाहीत. मला ठेवलं, जुनी केबल काढून होईपर्यंत. ती मीच गुंडाळून भंगारात दिली. दिवाळीच्या आधी मलाही तेच सांगितलं. त्याच खोलीत, त्याच शब्दांत. मी थोडा वाद घातला. काही फरक पडला नाही.

आता मी सिडकोतल्या घरी असते. अर्ज करते. पुण्याला या म्हणतात. मुलीची शाळा आणि नवऱ्याची शिफ्ट टाकून कशी जाऊ? घरून करण्यासारखं काम मिळतं अधूनमधून. कुठल्या तरी गावातल्या कुणाचा तरी प्रिंटर का चालत नाही, हे फोनवर सांगायचं. सकाळी उठावंसं वाटत नाही. नवरा म्हणतो, "होईल काहीतरी." मी हो म्हणते.

भाऊ वैजापूरला गेले. मार्केट यार्डात एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडं बिलं काढायला बसतात. मी कितीदा फोन केला, ते उचलत नसत. परवा उचलला.

"बोला ताई."

"कसे आहात भाऊ?"

"बरंय."

"काम?"

"हाय की. बिलं काढतो." मागं कुणीतरी लिलावाचा भाव ओरडत होतं. "प्रोग्रॅम आयता हाय, मला काय करायचं नाय त्यात."

मला विचारायचं होतं, त्या दिवशी तुम्ही का सरकायला लावलंत? तुम्ही नसतं केलंत तर काय झालं असतं? पण दुसरा कुणी येऊन ते करून गेला असता, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि ते खरंच होतं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"जेवलो."

मागचा ओरडा वाढला, त्यांना कुणीतरी हाक मारली. "ठेवतो बरं का," म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत फोन बंद झाला.