उसने आभार

वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने माझ्या विद्यार्थिनीचा इंग्रजी प्रबंध तपासून उचललेली वाक्यं लाल केली. लाल तसं तुरळकच होतं. ऋणनिर्देशाचं पान मात्र कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं.

"अगं, निदान आईचे आभार तरी स्वतःच्या शब्दांत मानायचेस!" मी वैतागलो.

"कसे मानू, सर? मराठीतही कधी मानले नाहीत. आईला थँक्यू म्हटलं, तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल."

खरंच, घरात आपण आईचे आभार मानतच नाही. परक्या भाषेत मानायचे, तर दुसऱ्या कुणाचं वाक्यच हाताशी येतं.

घरी येऊन माझा जुना प्रबंध उघडला. वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं. पण मी ते मराठीत करून वाचून दाखवलं, तेव्हा आईने विचारलं होतं, "छान आहे रे. कुणाची आई ही?"