नंबर प्लेट तशीच राहू द्या

ती केस फार गुंतागुंतीची होती म्हणून लक्षात राहिली असं नाही. उलट ती इतकी साधी होती की आठवली की मला आजही चीड येते. एक जुनी गाडी विकली गेली, दोन बऱ्यापैकी भल्या माणसांनी कागदपत्रांचा कंटाळा केला, आणि जिचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता अशी एक बाई कायमची काठीवर आली.

मी मूळचा वसईचा. विशीत आईवडिलांबरोबर कॅनडात आलो, टोरोंटोच्या परिसरात पोलीस दलात भरती झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं ट्रॅफिक तपास पथकात गेली. अपघात करून पळालेल्या गाड्या शोधायच्या, हे आमचं काम. इतर सहकाऱ्यांकडे सांगण्यासारखे खून-दरोडे असायचे. आमच्या वाट्याला फुटलेले हेडलाइट आणि "मी तिथे नव्हतोच" म्हणणारी माणसं यायची.

हिवाळा तोंडावर आला होता. टोरोंटोच्या एटोबिको भागात, विमानतळापासून फार दूर नसलेल्या एका शाळेजवळ दुपारी अपघात झाला. शाळा सुटायची वेळ होती. मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी नेमलेल्या बाई हातात लाल पाटी धरून रस्त्यात उतरल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पोर्तुगीज, बहुतेक मुलांना नावाने ओळखणाऱ्या. वळणावरून एक करड्या रंगाची उंच गाडी आली, त्यांना धडक बसली, गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली. मुलं अजून फुटपाथवर होती, हे नशीब. बाईंचं कंबरेचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, की मुलांना कोणी पाहिलं का, ती घरी पोचली का.

बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका माणसाने गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला आणि आम्हाला फोन केला. नंबर कॉम्प्युटरवर टाकला तर मालक टोरोंटोच्या पूर्वेकडच्या व्हिटबी गावचा निघाला. आडनाव मराठी.

माझी सार्जंट म्हणाली, "तुझी भाषा आहे, तूच जा." मराठी आडनावाचं काहीही निघालं की आमच्या ऑफिसात सगळे माझ्याकडेच बघत.

व्हिटबीच्या घरी दार उघडलं ते चाळिशीच्या एका गृहस्थाने. सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, घरूनच काम करत होता. मी मराठीत बोललो तेव्हा त्याचा चेहरा खुलला आणि गाडीबद्दल विचारलं तेव्हा पडला.

"गाडी शॉपमध्ये आहे सर. ब्रेकचं काम होतं."

"कुठलं शॉप?"

"एका मित्राच्या ओळखीचं आहे."

"मित्राचं नाव, फोन?"

"शोधून सांगतो. तुम्ही चहा घ्याल ना?"

खोटं बोलणाऱ्या माणसाला तपशील विचारला की तो वेळ मागतो, हे मी नोकरीत फार लवकर शिकलो होतो. मी चहा नको म्हटलं आणि बसून राहिलो. काल दुपारी तो कुठे होता? घरीच. कोणी पाहिलं? कोणी नाही, बायको ऑफिसला होती. अर्धाअधिक तास आम्ही त्याच ब्रेकच्या कामाभोवती फिरत राहिलो. मी त्याला शाळेजवळच्या बाईंबद्दल सांगितलं. तो पांढरा पडला, तरी गाडी शॉपमध्येच होती.

मग त्याची बायको ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन आत आली. मी कोण आणि कशासाठी आलो ते तिने ऐकलं, नवऱ्याचं शॉपचं उत्तर ऐकलं, आणि पिशव्या जमिनीवर ठेवल्या.

"गाडी विकून महिना झाला," ती म्हणाली. "तू काय सांगतोयस त्यांना?"

मग सगळं बाहेर आलं. त्याने ऑनलाइन जाहिरात दिली होती. टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या केंब्रिज गावाहून एक माणूस आला. मूळचा ठाण्याचा, केंब्रिजमधल्या मोटारींच्या कारखान्यात काम करणारा. "आई येतेय इंडियाहून, तिचे गुडघे दुखतात, तिला चढायला-उतरायला उंच गाडी हवी," असं म्हणाला. गाडी चालवून पाहिली, रोख पैसे दिले आणि जाताना विनंती केली, "नंबर प्लेट चार दिवस तशीच राहू द्या, मी माझी घेतली की तुमची आणून देतो."

"आणि तुम्ही राहू दिलीत?"

"मराठी माणूस होता सर. चांगला बोलत होता. शिवाय गाडीबरोबर नंबर जातोच ना?"

वाचकांसाठी हे इथे सांगायला हवं. आपल्याकडे महाराष्ट्रात नंबर गाडीचा असतो, गाडी विकली की तो गाडीबरोबर जातो. इथे ऑन्टारियोत नंबर माणसाचा असतो. विकणाऱ्याने आपल्या प्लेट काढून घ्यायच्या, परमिटचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा, प्लेटचा भाग फाडून स्वतःकडे ठेवायचा, गाडीचा भाग सही करून घेणाऱ्याला द्यायचा. सरकारी काउंटरवरून गाडीच्या माहितीचं एक पॅकेज मिळतं, त्यात आधीचे मालक कोण, गाडीवर कर्ज आहे का, सगळं असतं. तेही घेणाऱ्याला द्यावं लागतं. आणि गाडी विकली हे काउंटरला कळवायचं. एका सकाळचं काम. या गृहस्थाला इथे येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आधीच्या गाड्या त्याने डीलरला दिल्या होत्या, म्हणून हे सगळं डीलरने केलं होतं आणि याला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

"काउंटरवर का गेला नाहीत?"

तो बायकोकडे न बघता म्हणाला, "पार्किंगची काही तिकिटं राहिली होती. एक रेड लाइटचं होतं. मला वाटलं, गेलो की आधी ते भरायला लावतील. आणि प्लेट गाडीबरोबर गेली तर तेही गाडीबरोबर जाईल. तुम्ही आलात तेव्हा तेच बाहेर येईल म्हणून शॉपचं सांगितलं."

दंड भरूनच जावं हे शहाणपण. पण न भरता गेला असता तरी ते पॅकेज देताना त्याला कोणी अडवलं नसतं. नसलेल्या अडचणीला घाबरून त्याने खरी अडचण ओढवून घेतली होती. पावती नाही, सहीचा कागद नाही, खरेदीदाराचं आडनावसुद्धा नाही. होता तो फक्त एक फोन नंबर. तोही त्याने माझा अर्धा तास खाल्ल्यावर दिला.

मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "ती गाडी मला आवडली नाही. मी परत केली. त्यांच्या घरासमोर लावली, चावी लेटरबॉक्समध्ये टाकली."

आता दोघांचे दोन शब्द, आणि कागद एकही नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात आला, कॅमेऱ्यासमोर त्याचा जबाब झाला. सार्जंटने तो पाहिला आणि म्हणाली, "गाडी याच्या नावावर. प्लेट याची. त्या दुपारी हा कुठे होता ते कोणालाच माहीत नाही. आणि हा तुझ्याशी आधीच एकदा खोटं बोलला आहे. तू याच्यावर विश्वास का ठेवतोस?"

खरं बोलणाऱ्याने आधी खोटं बोलून ठेवलं की पोलिसाचे हात बांधले जातात. हा माणूस तुरुंगाच्या दारात उभा होता, आणि तिथे त्याला नेलं होतं त्याच्याच ब्रेकच्या कामाने.

मी केंब्रिजला जायला परवानगी मागितली. बरोबर एक तरुण सहकारी होती, कॅनडातच वाढलेली, तिला मराठीचा गंध नव्हता. पत्ता त्या फोन नंबरवरून मिळाला. छोटं घर, गॅरेज बंद, दारापाशी विंटर टायर रचून ठेवलेले. पस्तिशीचा माणूस कारखान्याचं जॅकेट घालून कामावर निघण्याच्या तयारीत होता. त्याने आम्हाला आत घेतलं, आदराने बोलला, आणि फोनवर सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. गाडी परत केली. तारीख आठवत नाही. गॅरेज पाहू का, असं सहकारीने विचारलं, तर "वॉरंट आहे का?" असं त्याने हसून विचारलं. वॉरंट नव्हतं. तो त्याचा हक्कच होता.

आम्ही उठायच्या बेतात होतो. मी जाता जाता त्याला मराठीत म्हटलं, "बघा, काही आठवलं तर फोन करा."

स्वयंपाकघरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. साडीवर स्वेटर, पायात जाड मोजे. इकडे येऊन फार दिवस झाले नव्हते हे दिसतच होतं.

"तुम्ही मराठी?"

"हो मावशी. वसईचा."

"पोलिसातले ना?"

"हो."

तिने एकदा मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुम्हाला ठाऊक असेल. त्या बाई कशा आहेत हो?"

मुलगा म्हणाला, "आई, तू आत जा."

ती गेली नाही.

"कोणत्या बाई, मावशी?"

"त्या लाल पाटीवाल्या. मला विमानतळावरून आणताना आमच्या गाडीला लागल्या ना. हा म्हणाला, मी अँब्युलन्सला फोन केलाय, त्या बऱ्या आहेत. मी रोज म्हणते मला भेटायला ने. रोज म्हणतो, उद्या."

माझ्या सहकारीला एक शब्द कळला नव्हता, पण तिने मुलाचा चेहरा पाहिला आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. मी तिथेच सगळं थांबवलं. त्याला अटक केल्याचं सांगितलं, वकिलाशी बोलायचा हक्क आहे, बोललेलं पुराव्यात येईल, ते सगळं म्हणून दाखवलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याची आई मला विचारत होती, हे इंग्रजीत काय चाललंय.

पुढचं काम रीतसर झालं. वॉरंट आलं, गॅरेजमध्ये करडी गाडी मिळाली. नवा हेडलाइट बसवलेला होता, पण रस्त्यावर आम्हाला मिळालेला प्लास्टिकचा तुकडा त्याच्या खालच्या तुटलेल्या पट्टीला बरोबर बसला. इंजिनिअरच्या प्लेट अजून गाडीवरच होत्या. पुढे वकिलाशी बोलून मुलाने सगळं कबूल केलं. त्याच्या नावावरही जुन्या गाडीचे दंड थकलेले होते, म्हणून त्याला नव्या प्लेट मिळत नव्हत्या. प्लेट नाहीत म्हणून गाडी नावावर नाही, गाडी नावावर नाही म्हणून इन्शुरन्स नाही. पुढच्या पगाराला भरू, असं तो म्हणत राहिला आणि गाडी चालवत राहिला. धडक झाली तेव्हा हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्याने पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. अँब्युलन्सला त्याने फोन केलाच नव्हता.

आईचा जबाब घ्यायचा होता. नियमाप्रमाणे मी त्यात दुभाषा होऊ शकत नव्हतो. बाहेरून एक दुभाषी बोलवावी लागली. म्हातारीला हे पटेना. "मी तुम्हाला सांगितलंय की सगळं. आता यांना कशाला?" तरीही तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगितलं, काही न गाळता. काम संपल्यावर ती मला म्हणाली,

"मीच त्याला अडकवलं का हो?"

"मावशी, तुम्ही खरं ते सांगितलंत."

"ते मला कळतं," ती म्हणाली. "मी विचारते ते वेगळं आहे."

जाताना तिने दुभाषीला विचारलं, त्या बाई कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेत. खटला चालू असताना तिला भेटायला नेता येणार नव्हतं. शिक्षेच्या आधीच ती नातेवाइकांबरोबर ठाण्याला परत गेली. भेट झालीच नाही.

मुलाने कोर्टात गुन्हा मान्य केला. तुरुंगवास झाला, लायसन्स गेलं, कारखान्याची नोकरी गेली. शाळेच्या बाई चालू लागल्या, पण काठी घेऊन, आणि त्या वळणावर परत उभ्या राहू शकल्या नाहीत.

इंजिनिअर फौजदारीतून सुटला, दिवाणीतून नाही. कागदोपत्री मालक तोच. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याचंही नाव आलं, आणि गाडी विकली म्हणून इन्शुरन्स त्याने त्याच दिवशी बंद केला होता. तेवढं एक काम मात्र वेळेवर. तो मला कोर्टाच्या आवारात भेटला. किती वेळा चकरा मारतोय, वकील काय काय विचारतात, हे सांगायला लागला.

"सर, मी तर कोणाचं वाईट केलं नाही."

"नाही केलंत," मी म्हटलं. "तुम्ही काहीच केलं नाहीत. तेच तर."

त्याला राग आला असावा. माझाही पारा चढलेलाच होता.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. गुन्हेगार फार थोडे असतात. बाकीचे लोक रांग टाळण्यासाठी, दंड पुढे ढकलण्यासाठी, बायकोचं बोलणं चुकवण्यासाठी छोट्या छोट्या गोष्टी करतात, आणि त्यातलं काही एका भलत्याच माणसाच्या अंगावर जाऊन पडतं. पोलीस येतो तो त्यानंतर. दंड म्हणजे नुसते पैसे, ते भरले की संपतात. न भरलेला दंड माणसाच्या निर्णयात शिरतो. त्याला खोटं बोलायला लावतो, प्लेट उधार मागायला लावतो, आणि रस्त्यात पडलेल्या बाईला सोडून पळायला लावतो.

परवा माझ्या भाच्याने त्याची गाडी विकली. घेणारा ओळखीतलाच, संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. मी सहज विचारलं तर म्हणाला, "अंकल, प्लेट तो वीकेंडला आणून देणार आहे." बाहेर बर्फ पडत होतं. मी जॅकेट चढवलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. तो म्हणाला, "आता? इट्स फ्रीझिंग." मी म्हटलं, "आता."

स्क्रू गंजले होते. पुढची प्लेट काढेपर्यंत बोटं बधिर झाली. मागची भाच्याकडून काढून घेतली.