धावपटूचं नवं घड्याळ

धावपटू हे नाव त्यांना साडूने दिलं. तसे ते आयुष्यात कधी धावले नव्हते. बस सुटत असली तरी हात वर करून उभे राहायचे, आणि नाहीच थांबली तर पुढच्या बसची वाट बघायचे. सलूनमधल्या एका खुर्चीमागे त्यांची पस्तीस वर्षं उभ्याने गेली होती. खुर्चीच्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, एवढाच काय तो त्यांचा रोजचा प्रवास.

पण दोन वर्षांपूर्वी लेकीने आई-वडिलांना मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा एकेक पट्टा आणून दिला. घरच्यांचा फोनवर एक गट केला. कोण किती चाललं ते त्या गटात आपोआप दिसू लागलं, आणि पहिल्याच आठवड्यात सलूनवाले पहिले आले. रोजची चौदा हजार पावलं! साडू टपाल खात्यातून निवृत्त झालेला, उभी हयात दारोदार पत्रं वाटलेला माणूस. रोज सकाळी मुद्दाम तळ्याला दोन फेऱ्या घालायचा आणि कसाबसा नऊ हजारांवर पोचायचा. त्याने चिडून लिहिलं, 'काय धावपटू, दुकानात शर्यती लावता का?' नाव चिकटलं. चिडवण्यासाठी दिलेलं नाव धावपटूंनी पदकासारखं छातीवर मिरवलं.

यादीत सगळ्यात खाली कायम बायको.

ती एका मोठ्या इस्पितळात चादरी पोचवायचं काम करायची. धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन चार मजले फिरायचं, मळलेल्या चादरी गोळा करायच्या, खाली धुलाईच्या खोलीत आणून टाकायच्या आणि पुन्हा वर. तिचा आकडा तीन हजारांच्या पुढे कधी सरकला नाही.

"अगं, तीन हजार तर माझे पहिल्या दोन गिऱ्हाइकांत होतात," धावपटू म्हणायचे.

"होत असतील. तुमच्या पायाला भिंगरी आहे. मला नुसते पाय आहेत."

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग इस्पितळात फाटक्या चादरी शिवायच्या खोलीतली एक जागा रिकामी झाली. बसून करायचं काम, खिडकीजवळ मशीन. ज्यांना हवं त्यांनी शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा होता. बायकोने अर्जाचा कागद घरी आणला, टेबलावर ठेवला आणि पेन शोधू लागली.

"शिवणाच्या खोलीत?" धावपटूंना हसू आवरेना. "आधीच इतकं कमी चालतेस, त्यात आणखी बसणार? गुडघे धरतील तुझे. आकडे खोटं बोलत नाहीत बरं!"

त्यांच्या मनात काळजीच होती, नाही असं नाही. पण ती मिशीतून हसत बोललेली काळजी होती. बायकोने कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. ती वाद घालत नसे. हाच तिचा वाद. नंतर दोन दिवस तिने त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलून घेतलं. सोमवारी पुढ्यात चहा ठेवताना "चहा" म्हणाली, मंगळवारी तेही नाही.

त्याच मंगळवारी धावपटूंच्या उजव्या मनगटावरचा पट्टा मधोमध तडकला आणि त्याचा पडदा काळा झाला. लेक म्हणाली, "बाबा, आता पट्टा नको, चांगलं घड्याळच घेऊ. जुना देऊन नवं घेता येतं." बुधवारी सलूनला सुट्टी. बायकोची पाळी चारला संपायची. तिघं घड्याळांच्या दुकानात भेटली. बायको आली ती थेट काउंटरपुढच्या उंच स्टुलावर बसली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने एक बूट हळूच टाचेतून सोडवला.

विक्रेतीबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर दोन घड्याळं ठेवली. "हे प्रीमियम. स्टीलची बॉडी, ओरखडा न पडणारी काच. आणि हे स्पोर्ट. वजनाला हलकं, रबरी पट्टा, घामापाण्याचं भय नाही."

धावपटूंनी स्पोर्टकडे बघितलंसुद्धा नाही. प्रीमियम दिव्याखाली असं चमकत होतं, की त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"बाबा, दोन्ही बघा तरी."

"बघायचंय काय? अगं, माझा धंदा आरशासमोरचा. गिऱ्हाईक अर्धा तास आरशात काय बघतं? स्वतःचं तोंड पाच मिनिटं. तेवढ्यात कंटाळा येतो. मग माझा हात बघतं. त्या हातावर रबर बरं दिसेल का?"

"त्या स्टीलच्या कड्यांत गिऱ्हाइकाचे केस अडकतील," बायको स्टुलावरून म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य. "एखादा कानापाशी बोंबलला, की मग बघाल आरशात."

"मग चामड्याचा पट्टा लावू."

"दाढीचा साबण पिऊन तो महिन्याभरात वास मारेल."

लेकीने तोंड फिरवून हसू गिळलं. विक्रेतीबाईंनी मात्र मन लावून ऐकून घेतलं. "असं करू," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकाच हाताला बांधते. पाच मिनिटं तुमच्या कामाचा हात चालवून दाखवा. काय रुततं, काय घसरतं ते कळेल."

धावपटूंना एवढंच हवं होतं. उजव्या मनगटावर प्रीमियम, त्याच्यामागे चार बोटं अंतरावर स्पोर्ट. ते काउंटरपुढे ताठ उभे राहिले, डाव्या हातात नसलेला कंगवा धरला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली.

जुन्या पद्धतीच्या कारागिराची कात्री केस कापतानाच चालते असं नाही. एक बट कापून दुसरी बट उचलेपर्यंत ती हवेत चालूच राहते, चक चक चक चक. गिऱ्हाइकाला वाटतं काम जोरात चाललंय. कारागिराला त्याचा ताल सापडलेला असतो. धावपटूंचा तर आख्खा हात कोपरापासून त्या तालावर हलायचा. बोलता बोलताही हलायचा. आत्ताही ते विक्रेतीबाईंना कुणाच्या डोक्याला किती भोवरे असतात ते सांगत होते आणि हात आपल्या वाटेने चालला होता.

"झालं," विक्रेतीबाई म्हणाल्या. "रुतलं कुठे?"

"छे! लोण्यासारखं. हे चकचकीतच द्या."

बाईंनी सवयीने दोन्ही पडदे उजळून बघितले. मग चष्मा वर केला आणि पुन्हा बघितले. "हं. प्रीमियम म्हणतंय चारशे बारा पावलं."

"बघा! एका जागी उभा राहूनसुद्धा..." धावपटू अभिमानाने म्हणाले आणि वाक्याच्या मधोमधच थबकले.

"आणि स्पोर्ट म्हणतंय, सहा."

धावपटूंनी मान वाकवून स्पोर्टचा पडदा स्वतः वाचला.

"बिघडलंय का ते?" धावपटूंनी आवाज खाली आणून विचारलं.

"नाही हो. प्रीमियमचा भर दिसण्यावर. हात हलला की ते पाऊल धरतं, तुमच्या जुन्या पट्ट्यासारखंच. स्पोर्ट चालण्याचा हेलकावा वेगळा ओळखतं." बाई घड्याळं पुसत सांगत होत्या, कुणाच्या घरात काय पेटलंय याची त्यांना काय कल्पना! "याच्या उलटही होतं बरं का. परवा एक आई आली होती, बाळाची गाडी ढकलत तासभर फिरायची आणि पावलं शंभर. हात गाडीच्या दांड्यावर घट्ट, हलतच नाही, मग मोजणार काय? तिला हेच स्पोर्ट दिलं, लांब पट्ट्यासकट. पायाच्या घोट्याला बांधते आता."

धावपटूंनी बायकोकडे बघायचं टाळलं. बघायची गरजच नव्हती. कान तापले तेवढ्यावरूनच त्यांना कळलं की ती बघते आहे. दोन वर्षांची चौदा-चौदा हजार पावलं त्यांच्या डोळ्यांपुढून कात्री वाजवत निघून गेली. आणि मागून एक ढकलगाडी, चार मजले वर, चार मजले खाली.

आता प्रीमियम घेणं सोपं होतं. विक्रेतीबाई कुणाला सांगायला जाणार नव्हत्या. लेक वडिलांची बाजू सांभाळून घेणारी. गटात उद्यापासून पुन्हा चौदा हजार, पुन्हा पहिला नंबर, साडू पुन्हा तळ्याभोवती गरगर. शिवाय ते दिसायला खरंच देखणं होतं. धावपटूंनी मनगट दिव्याकडे वळवून एकदा बघून घेतलं.

"घ्या ते," बायको म्हणाली. आवाजात टोमणा शोधला तरी सापडला नसता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तुम्हाला शोभतंय."

धावपटूंनी प्रीमियमची कडी सोडवली. नीट सुटेना, दोनदा बोट चिमटलं. मग ते मखमलीवर ठेवून म्हणाले, "स्पोर्ट द्या. आणि तो लांब पट्टा."

"बाबा, तुम्ही घोट्याला बांधणार?" लेकीने विचारलं.

"मी नाही. उद्याचा दिवस ही बांधेल. परवापासून मी."

"मी कशाला?" बायको म्हणाली. "मला माहीत आहे मी किती चालते."

"मला माहीत नाही ना," धावपटू म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं, की ते उगाच पिशव्यांची चौकशी करू लागले.

गुरुवारी बायको घोट्याला घड्याळ बांधून, वर मोजा चढवून पहाटे कामावर गेली. लेकीने ते दिवसापुरतं गटात आईच्या नावाला जोडून दिलं होतं. धावपटू नऊला सलून उघडून उभे राहिले. उघडं मनगट त्यांना आरशात परक्यासारखं दिसत होतं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी फोन एकदा बघितला. दुसऱ्याच्या वेळी चारदा. अकराला खुर्चीत गणिताचे निवृत्त मास्तर बसले. दर महिन्याचं गिऱ्हाईक, टक्कल मोठं आणि अपेक्षा त्याहून मोठ्या.

"सारखं फोनमध्ये काय बघताय? सामना चालू आहे का?"

"हो."

"कोण पुढे आहे?"

"बायको," धावपटू म्हणाले.

मास्तरांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस असल्या उत्तराच्या जास्त खोलात शिरत नाही. थोड्या वेळाने मात्र त्यांनी डोकं हलवलं. "कात्री बिघडली का हो? आवाज येत नाही."

आवाज येत नव्हता खरा. धावपटू पहिल्यांदाच फक्त केस असतील तिथेच कात्री चालवत होते.

दुपारी बारा वाजता बायकोचा आकडा दहा हजारांच्या पुढे होता. दोनला साडेतेरा. पाळी संपायच्या वेळेला एकोणीस हजार दोनशे. गटात एकदम शुकशुकाट होता. साडूचा आकडा सकाळपासून आठ हजारांवर बसला होता. बहुतेक तोही तळ्याकाठी बाकावर बसून हेच बघत असावा.

धावपटूंनी त्या दिवशी सलून तासभर लवकर बंद केलं. घरी बायको खुर्चीत बसून एका पायाने दुसऱ्या पायातला मोजा काढायचा प्रयत्न करत होती.

"थांब," ते म्हणाले आणि खाली बसले.

मोजा निघाला, पट्टा निघेना. सकाळी सैल बांधलेला पट्टा आता मांसात रुतला होता आणि बक्कल दिसतही नव्हतं. पस्तीस वर्षं लोकांच्या कानामागे वस्तरा फिरवलेली त्यांची बोटं. त्यांनी नखाच्या टोकाने पट्ट्याखाली फट केली, हळूहळू बक्कल वर आणलं आणि कातडीला न ओढता ते सोडवलं. घोट्याभोवती लाल खोलगट वळ उमटला होता. दोन वर्षं त्यांनी या पायांचे आकडे वाचले होते. पाय आज बघत होते.

"रोज सुजतात?"

"नाही. रविवारी नाही सुजत."

"अर्ज कुठे आहे? आण, मी अक्षर चांगलं काढतो. उद्या शेवटचा दिवस ना?"

"दिला."

"दिला? कधी?"

"आज सकाळी. गेल्या गेल्या. गाडी हातात घ्यायच्या आधी."

धावपटूंनी वर बघितलं. "म्हणजे आकडा यायच्या आधीच?"

"मग? घड्याळाला विचारून अर्ज द्यायचा होता?" तिने पाय त्यांच्या हातातून सोडवून घेतला नाही, तसाच राहू दिला. "परवाच देणार होते. पण तुम्ही हसलात, त्याचा राग धरून बसले. रागात अर्ज लिहू नये, अक्षर बिघडतं."

"मग दिवसभर हे बांधून का फिरलीस?"

"तुमच्यासाठी. म्हटलं, करू देत मोजणी. दुपारी लेकीने तुमच्या सलूनमधून फोन केला होता, म्हणाली बाबा दर पाच मिनिटांनी बघतायत. मी मुद्दाम एक फेरी जास्त मारली."

धावपटूंना हसावं की खाली मान घालावी ते ठरवता येईना. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि गटात लिहायला बसले. एका बोटाने टंकायचं म्हणजे त्यांना वेळ लागे. बायको खांद्यावरून वाचत होती. 'आजची एकोणीस हजार पावलं हिची आहेत. माझी आजवरची कात्रीची होती. मी जागचा हललो नव्हतो.' पाठवू की नको, पाठवू की नको, असं करत करत अंगठा शेवटी पडलाच.

साडूचं उत्तर आलं. 'कात्रीचं अभिनंदन.'

त्याच्या पाठोपाठ आणखी एक आलं. 'तिला म्हणावं, रविवारी सकाळी तळ्यावर येत जा. एकट्याला कंटाळा येतो.'

"वाचा बघू पुन्हा," बायको म्हणाली. "तुम्ही लिहिलेलं. पहिलं वाक्य. मोठ्याने."