गावपळणीतलं ड्रेसिंग

गावात कुणीच नव्हतं.

स्कूटर बंद केली तर कोंबडीचासुद्धा आवाज येईना. दारांना कुलपं, गोठे रिकामे, अंगणातल्या दोऱ्यांवर एक कपडा नाही. आबांच्या पडवीत खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली होती. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायला माझीच जीभ उचलेना.

आबा माझे पेशंट. त्यांचा फोन आदल्या दिवसापासून बंद होता. त्यांच्या पायाचा शेवटचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता आणि त्यात जखमेच्या कडेला लाली दिसत होती. फोटो पाहून आमच्या हॉस्पिटलचे डॉक्टर, सर, म्हणाले होते, "उद्याच्या उद्या बोलावून घे."

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नवीन औषध दुकानात येण्याआधी ते माणसांवर नियमाने तपासावं लागतं. त्या तपासणीतल्या पेशंटची काळजी घेणं आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणं हे माझं काम. आमच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी एका नवीन जेलची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटना नवीन जेल, निम्म्यांना साधं. डबे सारखेच. कुणाला कोणतं, हे पेशंटला माहीत नाही, सरांना नाही, मलाही नाही. म्हणजे कुणाच्या मनाचा कल निकालात उतरत नाही.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. फोंडाघाटला बाबांचं ट्रकच्या पंक्चरचं दुकान आहे. पुण्याच्या कंपनीने "इतक्या लहान जागी चाचणी जमेल का?" असं विचारलं, तेव्हा सरांनी "आमची मुलगी सांभाळेल" असं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं. ते वाक्य मी रोज कामावर येताना बरोबर घेऊन यायचे.

रिकाम्या वाडीत उभी असतानाच पुण्याहून मॉनिटर मॅडमचा फोन आला. मॉनिटर म्हणजे कंपनीच्या वतीने आमचं काम तपासणारी व्यक्ती.

"कालचा फोटो अपलोड नाही झाला. पेशंट कुठे आहे?"

"मॅडम, गावात नाहीत."

"मग घरच्यांशी बोला."

"घरचेही नाहीत. शेजारीही नाहीत. गावच नाहीये."

"म्हणजे? पूर आलाय का?"

"नाही मॅडम. गावपळण आहे."

त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. गावपळण म्हणजे काय, ते मी भराभर सांगितलं. आमच्याकडे काही गावांत ठरावीक वर्षांनी अख्खं गाव देवावर सोपवून माणसं वेशीबाहेर जातात. गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या, सगळं घेऊन. तीन दिवस, तीन रात्री खोपटी बांधून राहायचं. मग देवाला कौल लावायचा, म्हणजे परत येऊ का असं विचारायचं. देवाने होकार दिला की घरी. तोपर्यंत वेशीच्या आत कुणी पाऊल टाकत नाही.

"डिव्हिएशन रिपोर्टमध्ये कारण काय लिहिणार?" ठरलेला नियम चुकला की असा रिपोर्ट द्यावा लागतो.

"गाव गैरहजर," मी म्हटलं. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

गावपळण मला माहीत होती. ती याच आठवड्यात लागणार आहे, एवढंच माहीत नव्हतं. तारीख देव ठरवतो. कंपनीच्या कॅलेंडरवर ती कुठून येणार?

खाडीकडे धूर दिसला, तिकडे निघाले. वेस ओलांडून बांधापर्यंत पोचले तर तिथे जत्रेसारखा थाट. झावळ्यांची खोपटी, चुलींवर भात, मुलांचा गलका, कुठेतरी भजन. दुसऱ्या ओळीतल्या खोपटात आबा लाकडी खाटेवर बसून पत्ते खेळत होते. पंचवीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. जखमेवर भार पडू नये म्हणून आम्ही दिलेला जाड तळाचा बूट पायात होता. तो बघून मला जरा धीर आला.

"अरे, आमची डॉक्टरीण! खयसून इलंस गो? बस. चाय घे."

"आबा, फोन का बंद?"

"हय लाइट खंय आसा? पोरांनी भजना आयकान चार्जिंग संपवल्यानी."

"आणि ड्रेसिंग? काल बदललं का?"

"जेल घराक फ्रीजात."

"बरोबर का नाही आणलं?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेंधळी. "तूच सांगलंस ना, फ्रीजच्या भायर काढूचा नाय? नाय काढलंय. हय फ्रीज नाय. मगे देवाचा पण आयकलंय आणि तुझा पण."

जुनंच ड्रेसिंग पायावर होतं. ते सोडलं तसा वास आला. या कामात डोळ्यांआधी नाक सांगतं. करंगळीच्या मुळाशी काळपट, आणि लाली पाऊल सोडून वर चढलेली. मी कपाळाला हात लावला. गरम.

"ताप कधीपासून?"

"ताप बीप काय नाय. उनात बसलंय म्हणान."

आबांच्या पत्नी, काकी, चुलीपाशी होत्या. तिथूनच शिवी घालत म्हणाल्या, "शिरा पडली तुमच्या तोंडार! राती गोधडेत कुडकुडत होते. माका म्हणतत, कोणाक सांगा नको."

बांधावरच्या एका कोपऱ्यातच रेंज येत होती. तिथून सरांना फोन केला. सर सगळं ऐकून म्हणाले, "लालीच्या कडेने पेनने रेघ मार. वेळ लिही. पण थांबू नकोस, त्याला लगेच घेऊन ये. आत पू असेल तर उद्यापर्यंत पाय हातचा जाईल."

मी परत गेले आणि आबांना चला म्हटलं. ते पत्ते पिसत म्हणाले, "कौल झालो की येतंय. परवा सकाळी."

"आबा, परवा उशीर होईल."

"गाडीचो रस्तो खयसून जाता? गावातून. मी वेशीत पाय घालूचंय नाय. आणि कौलाक आमच्या घराचो नारळ आसता. तो मीच धरतंय. बापाशीन धरलो, मी धरतंय."

आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, पेशंटवर जबरदस्ती नाही. चाचणीत यायचं की नाही, उपचार घ्यायचे की नाही, हा त्याचा हक्क. तो नियम मी परीक्षेत सुरेख अक्षरात लिहिला होता. त्या खोपटात तो नियम आणि तो पाय दोन्ही समोर होते. घाबरवून नेलं तर ती संमती कसली? गप्प राहिले तर पाय गेला.

खिशातलं निळं बॉलपेन काढलं. लालीच्या कडेने घोट्याभोवती रेघ मारली. बाजूला वेळ लिहिली.

"ह्या काय गो?"

"ही लालीची आत्ताची हद्द. ती इथेच राहिली तर मी तुम्हाला एवढा आग्रह करणार नाही. पुढे गेली तर आतली घाण वर चढतेय. मी सांगायची गरज नाही, तुम्हीच बघा."

मग मी रस्त्याचा प्रश्न धरला. खाडीपलीकडे दुसरं गाव, तिथे डांबरी रस्ता. होडीने गेलं तर वेस लागतच नाही. काकींनी पुतण्याला होडी आणायला पाठवलं. मी ॲम्ब्युलन्स पलीकडे बोलावली. गावचे एक वयस्क मानकरी खाटेशी येऊन बसले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते आबांना म्हणाले, "वेशीभायर तर आसस. पाण्यातून गेलंस तर देव काय विचारूचो नाय."

"आणि नारळ?"

मानकऱ्यांच्या आधी काकी बोलल्या. "पाय रवलो तर फुडल्या टायमाक धरशात. नायतर नारळ घेवन उभे कशार रवतलात?"

आबांनी अजून पत्ते खाली ठेवले नव्हते. ओहोटी असल्यामुळे होडीला उशीर होत होता. मी घड्याळ बघत होते आणि आबा बघत होते पायाकडे. निळी रेघ तिथेच होती. लाली तिच्या वर, दोन बोटं.

आबांनी ते बराच वेळ पाहिलं. बोट लावून पाहिलं. मग हातातले पत्ते उलटे घालून म्हणाले, "ह्येना हद्द मानल्यान नाय. चल."

चिखलातून त्यांना उचलून होडीत ठेवलं. पाय माझ्या मांडीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. अर्ध्या खाडीत त्यांना थंडी भरली. दात वाजायला लागले. गप्पिष्ट माणूस एक शब्द बोलेना. मला त्या क्षणी चाचणी, कंपनी, सरांचा शब्द, काही आठवत नव्हतं. पलीकडचा किनारा जवळ येत नाहीये, एवढंच कळत होतं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर सरांनी तासाभरात ऑपरेशन केलं. पू तळपायात उतरला होता. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. सर बाहेर येऊन मास्क काढत म्हणाले, "सकाळपर्यंत थांबलो असतो तर गुडघ्याखाली कापावा लागला असता." मी बाकावर बसले आणि वहीत वेळ लिहिली.

कौल झाला, गाव परतलं, तेव्हा आबा वॉर्डात होते. त्यांचा नारळ पुतण्याने धरला. आबांनी त्याच्याकडून तो कसा धरला ते तीनदा वदवून घेतलं आणि दोन चुका काढल्या.

अशा घटनेला आमच्याकडे सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट म्हणतात. तिचा रिपोर्ट चोवीस तासांत द्यावा लागतो. दिला. मॉनिटर मॅडम पुढच्या भेटीला आल्या तेव्हा मी नोकरी जाण्याची तयारी मनाने केली होती. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "जेल घरी ठेवायचं, हे कुणी ठरवलं?"

"प्रोटोकॉलने, मॅडम." प्रोटोकॉल म्हणजे चाचणीची लेखी नियमावली.

"मग प्रोटोकॉल बदलू." आता घरापासून लांब राहणाऱ्या पेशंटला बर्फाची पेटी देतात.

डिस्चार्जच्या दिवशी आबांनी मला जवळ बोलावलं. "खरा सांग. माका खरा औषध होता की खोटा?"

"मला माहीत नाही, आबा. चाचणी संपेपर्यंत कुणालाच कळणार नाही."

"पण माझा बोट तर गेला. मगे तुमच्या हिशोबात मी नापास?"

"नाही. गेलेलं बोटही निकालात धरतात. चांगलं झालं तेवढंच मोजलं तर पुढच्या माणसाला खोटं औषध मिळेल."

आबांनी जरा विचार केला. "म्हणजे बोट फुकट जावक नाय म्हण."

नवीन पेशंट आला की आजही मी छापील प्रश्न विचारते. वय, साखर, तंबाखू. मग पेन खाली ठेवून विचारते, "तुमच्या गावात देवाचं काय काय असतं?" उत्तराला अर्धा तास लागतो. बहुतेक वेळा चहा सांगावा लागतो. पण पेशंट कधी पत्त्यावर नसेल, ते आधीच कळतं.