ओवीच्या पणतीतलं तेल

गोडेतेलाच्या पिशवीचं टोक कात्रीनं कापून पद्मजाबाई ती किटलीत रिकामी करत होत्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. अर्धी पिशवी त्यांनी मिक्सरला टेकवून उभी केली आणि तेलकट बोटं वर धरून मनगटानंच फोन कानाशी दाबला.

"सलाम टीचर. मी दीपमाला, ओवीची आई."

मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. दीपमाला खराडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती. ड्यूटीवर निघालेली असणार.

"रागावू नका हं टीचर, पण रविवारी शब्बाथशाळेत काय झालं?"

"का गं?"

"ओवी आता येणार नाही म्हणते. तेही एक वेळ ठीक, पोरं म्हणतातच. पण ती प्रार्थनेलाच बसेना झालीय. मी जेवणाआधी डोळे मिटते, तर ही टक्क उघडे ठेवून बसते. विचारलं तर म्हणते, येशूनं मला ओळखत नाही म्हणून सांगितलंय. मग कशाला हात जोडू?"

"बोलते मी तिच्याशी," एवढंच पद्मजाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या.

खडकीच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत पद्मजाबाई चक्रनारायण यांच्या हाताखालून गेलं नाही असं पोर सापडणं कठीण. लग्न होऊन नगरकडून खडकीला आल्या आणि रविवारी सकाळी देवळामागच्या हॉलमध्ये शब्बाथशाळा घेऊ लागल्या, ते आजतागायत. त्यांची पद्धत न्यारी. नुसती चित्रं दाखवणं त्यांना पटत नसे, मोबाईलवरच्या कार्टूनवर तर त्यांचा दातच होता. "गोष्ट हाताला लागली पाहिजे," म्हणायच्या. माशाच्या पोटात गेलेल्या योनाच्या गोष्टीला पोरं टेबलाखाली, वरून गोधडी. येशूनं सांगितलेल्या खमिराच्या दाखल्याला घरून मळलेला गोळा यायचा आणि वर्ग संपेपर्यंत तो टम्म फुगायचा. मोहरीचा दाणा तळहातावर ठेवल्यावर "टीचर, माझा पडला!" म्हणून सगळा वर्ग सतरंजी झाडत बसायचा. मोठी झालेली मुलं आजही भेटली की म्हणतात, बाकी सगळं विसरलो, पण तुमचा तो फुगलेला गोळा विसरलो नाही. हे ऐकून बाईंना बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं.

आधीच्या रविवारी त्यांनी सारफथच्या विधवेची गोष्ट घेतली होती. दुष्काळ, घरात मूठभर पीठ आणि कुपीत थेंबभर तेल. तरी तिनं एलीया संदेष्ट्याला आधी भाकर करून दिली, आणि मग पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. पद्मजाबाईंनी खरोखरचं पीठ आणलं होतं, तेलाची बाटली आणली होती. "द्यायला भिऊ नका रे," त्यांनी पोरांना सांगितलं, "देणाऱ्याचं तेल देव आटू देत नाही." ओवी पुढेच बसली होती. बाटलीकडे ती अशी बघत होती, की जणू आत्ता ती आपोआप भरेल.

या रविवारी दहा कुमारींचा दाखला होता. रात्री नवरदेव, म्हणजे प्रभू येशू, यायचा, दहाजणी दिवे घेऊन वाट बघतात. पाच शहाण्या जादा तेल घेऊन आलेल्या. पाच मूर्ख, त्यांचं तेल संपतं. त्या आणायला जातात तोवर नवरदेव येतो आणि दार बंद होतं. बाईंनी दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या होत्या आणि प्रत्येकाला घरून बाटलीत तेल आणायला सांगितलं होतं. शिवाय त्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्या मंडळीतल्या एक पाहुण्या बाई खास हा वर्ग बघायला आणल्या होत्या. मागे खुर्चीवर बसून त्या कौतुकानं मान डोलवत होत्या.

मुली कमी पडल्या म्हणून सार्थकला पुढे बोलावलं, तर तो भिंतीला चिकटला. "टीचर, मी कुमारी नाही होणार!"

"मग काय होतोस? नवरदेव?"

"नको नको! कुमारीच होतो."

हॉल हसला. पाहुण्याही हसल्या. सगळं छान चाललं होतं. सोनू रिकाम्या हातांनी आली होती, ती आपसूक मूर्खांत गेली. ओवीची बाटली गळ्यापर्यंत भरलेली, ती शहाण्यांत. बाईंनी मुद्दाम लांबण लावली, दोन गीतं म्हणून घेतली. एकेक पणती विझायला लागली. नवरदेव आला म्हणून त्यांनी टाळी वाजवली तेव्हा पाहतात तर ओवीचीही वात नुसता धूर सोडत होती.

गणित चुकलं. शहाण्या चारच उरल्या. पाहुण्यांसमोर. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "विझलेल्या सगळ्या बाहेर," त्या म्हणाल्या, आणि सहाही जणांना बाहेर काढून त्यांनी कडी घातली.

बाहेरून दार वाजलं. "प्रभूजी, उघडा ना!" सार्थकचा आवाज सगळ्यांच्या वर. बाईंनी आवाज जाड केला आणि आतून म्हणाल्या, "मी तुम्हांला ओळखत नाही."

दार उघडल्यावर बाकीचे ढकलाढकली करत आत आले. ओवी उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"अगं, तू तर बाटली भरून आणली होतीस. काय केलंस तेलाचं?"

"अर्धं सोनूच्या पणतीत घातलं. तिच्याकडे नव्हतं. मग दोघींचं संपलं."

"गोष्टीतल्या शहाण्या देतात का? नाही म्हणतात ना? लक्ष कुठे असतं तुझं?"

ओवी म्हणाली, "पण टीचर, दिलं की आटत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

मागे पाहुण्या बाई जराशा पुढे वाकल्या. पद्मजाबाईंना तेव्हाच कळलं होतं, आणि खरी टोचणी हीच होती. पोरगी बरोबर आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. बस जा मागे."

ओवी मागे जाऊन बसली. वर्ग संपल्यावर पाहुण्यांनी बाईंचे हात हातात घेतले. "किती जिवंत शिकवता हो तुम्ही!" आणि पद्मजाबाईंनी ते कौतुक पदरात घेतलं होतं.

"तेलाला मुंग्या लागायच्या," ओट्याशी उभ्या बाईंच्या मागून त्यांचे यजमान शमुवेल म्हणाले. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून पेपर संपला की ते स्वयंपाकघरात फेरी मारत. "कुणाचा फोन?"

बाईंनी सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

"यात तुझं काय चुकलं?" शमुवेल म्हणाले. "पवित्र शास्त्रात आहे तेच बोललीस. तेल म्हणजे ज्याचा त्याचा विश्वास, तो उसना देता येत नाही. पाळकसाहेबही हेच सांगतील."

"मलाही येतं हो ते. इतकी वर्षं हेच सांगत आलेय."

"मग झालं तर."

"अहो, पण मी तिला विश्वास आणायला सांगितलं होतं का? गोडेतेल आणायला सांगितलं होतं. गोडेतेल देता येतं. शेजारणीकडे नसलं तर द्यावंच लागतं. आणि ते वाक्य प्रभूचं होतं. मी ते रागानं वापरलं. माझं गणित चुकलं म्हणून. पोरीला काय कळणार, आतून कोण बोललं ते?"

शमुवेलांनी मिक्सरला टेकलेली पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "रविवारी वर्गात सांग सगळ्यांना."

"रविवारी ती नसणारच आहे वर्गात. तिच्या मागे सांगून माझंच मन हलकं होईल."

"मग फोन कर."

"फोनवर पुन्हा नुसता आवाजच ऐकू येणार ना तिला."

त्यांनी साबणानं हात धुतले, पण बोटांचा तेलकटपणा जाईना. पुन्हा धुतले. ओवीनं विचारलंच की टीचर, मग कुठली गोष्ट खरी, तर काय सांगायचं, याचा त्यांनी विचार करून पाहिला. पुस्तकी उत्तर होतं, ते त्यांना नको होतं. दुसरं सापडेना. मला माहीत नाही, असं वर्गात त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. आज बहुधा म्हणावं लागेल. पण त्याआधी एक सांगायचं होतं, त्याला उत्तर शोधावं लागणार नव्हतं: ओवी, दाराआड मी होते, प्रभू नव्हता.

तिनं दार उघडलं नाही तर? तर उभं राहायचं. वाजवत राहायचं.

साडी बदलून, चपला घालून त्या बाहेर आल्या तेव्हा शमुवेल पिशवी हातात धरून उभे होते. "हे अर्धं तेल?"

"राहू दे तसंच."

"आणि तू कुठे?"

"बोपोडीला, ओवीच्या घरी. दुपारची शाळा आहे तिची, आत्ता घरीच असेल. माफी मागून येते."