उभ्यानं भरवलेली पेज

वृद्धांची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या आमच्या विद्यापीठातल्या वर्गात एक आंटी येतात. त्यांचं काम एकच, खाटेवर पडून हट्टी म्हातारीचं सोंग वठवायचं. स्वतः सत्तरीच्या पुढच्या, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या यिशुनहून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं येतात आणि लिफ्टची वाट न बघता तरातरा जिना चढतात. खाटेवर पडल्या की मात्र ओळखू येत नाहीत. शिकाऊ मुलीनं उभ्या उभ्या पेजेचा चमचा पुढे केला, की ओठ घट्ट मिटतात आणि मान पलीकडे वळते. मुलगी रडकुंडीला आली तरी दयामाया नाही. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, तरच तोंड उघडतं. वर्ग सुटल्यावर मात्र त्याच मुलीच्या हातात बिस्किटांचा पुडा कोंबतात. "रागावू नकोस, लाह!" हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलीतलं, वाक्याला लाडानं जोडायचं शेपूट.

मी संशोधनासाठी मागे बसून हे सगळं बघते. मला वाटायचं, बाईंनी नाटकांतून कामं केली असणार.

गेल्या रविवारी त्या यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, दिसल्या. व्हीलचेअरवर त्यांचे यजमान होते. आंटी घाईत होत्या. पिशवी खांद्यालाच ठेवून उभ्यानं पेज भरवत होत्या. यजमानांनी ओठ घट्ट मिटले आणि मान पलीकडे वळवली. अगदी हुबेहूब.

आंटींनी उसासा टाकला, पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या. तेव्हा कुठे यजमानांचं तोंड उघडलं.

इतक्यात आंटींनी मला पाहिलं. जरा ओशाळल्या, मग यजमानांकडे चमचा रोखून म्हणाल्या, "हे माझे सर, लाह. फार कडक."